कंडक्टर काकांचा स्टॉप

मी एक जुना गोलखांब आहे, मित्रांनो. दोन पाय मातीत रोवून, वर एक आडवा हात धरून दिवसभर उभा असतो आणि चेंडू आत गेल्याशिवाय ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही, तो मी. शिरपूर जैनहून रिसोडकडे जाताना सोयाबीनच्या शेतांच्या मध्ये एक मोकळं मैदान लागतं. जीपमधून गेलात तर पापणी लवेपर्यंत मागे पडेल. त्याच्या पूर्वेच्या टोकाला माझं ठाणं आहे.

मी काही गोलखांब म्हणून जन्मलो नाही. माझा पहिला जन्म बोअरच्या पाइपाचा. अमरसिंगांच्या शेतात मला जमिनीत उतरवलं तेव्हा नारळ फुटला, अगरबत्ती लागली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे मिळाले. खालून निघाली ती नुसती धूळ. पाणी नसण्यात माझा काय दोष? पण मला उपटून गोठ्यामागे टाकलं. म्हशी माझ्यावर पाठ खाजवायच्या. एक कोंबडी माझ्या पोटात अंडी घालायची. तिथे पडल्या पडल्या मी माणसांचा हिशेब शिकलो. काम होण्याआधी पेढे, काम न झालं की गोठ्यामागे! पुढे हा हिशेब मला फार उपयोगी पडला.

तिथून मला सोडवलं ते दौलतरावांनी. दौलतराव जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते, म्हणून सारं गाव त्यांना कंडक्टर काका म्हणतं. निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा इथली पोरं दोन दगड ठेवून फुटबॉल खेळायची. चेंडू दगडाच्या आतून गेला की वरून, यावरून रोज कुणाची तरी कॉलर फाटायची. काका अमरसिंगांकडे गेले आणि म्हणाले, "पाणी नाही लागलं तं नाही लागलं. आता गोल तरी होऊ द्या याच्यातून."

अमरसिंग हसले आणि मला देऊन टाकलं.

मुन्ना वेल्डरने मला कापलं, जोडलं, पांढरा रंग दिला. उरलेल्या पाइपांतून समोरच्या टोकाला माझा धाकटा भाऊ उभा केला. आम्ही दोघेही नियमापेक्षा जरा जाडच आहोत. बाहेरगावचे संघ तक्रार करतात, पण बोअरचा पाइप अंगाने जाडच असणार, त्याला कोण काय करणार? मुन्नाने रिसोडच्या भंगारातून एका जुन्या बसची घंटा आणली आणि दोरीसकट माझ्या उजव्या पायाला टांगली. गोल झाला की वाजवायची. काकांनी पहिल्याच दिवशी सगळ्या पोरांना शिकवून ठेवलं. "एक टोला म्हणजे थांबा, कोणीतरी उतरून राह्यलं. दोन टोले म्हणजे चला."

मित्रांनो, ते दिवस सोन्याचे होते. क्लब निघाला. काका त्याचे मॅनेजर झाले. एका लोखंडी पेटीत चेंडू, पंप आणि शिट्टी राहू लागली. पेटीची किल्ली काकांच्या करदोड्याला असायची. रोज संध्याकाळी माझ्यामागे गाव जमायचं. मुन्ना तर वेल्डिंगचा चष्मा कपाळावर तसाच ठेवून यायचा. सोजरबाई नावाची म्हातारी शेळ्या चारायला यायची आणि शेळ्या विसरून खेळ बघायची. तिला ऑफसाइड कळत नाही, पण कोण जीव लावून खेळतो आणि कोण फोटोपुरता पळतो, हे तिला लगेच कळतं.

मग दुखणं कुठे सुरू झालं? काकांच्या चांगुलपणात.

काकांनी क्लब चालवला तो बस चालवल्यासारखा. गाडीत चढलेल्या प्रत्येकाला बसायला जागा मिळाली पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. बसमध्ये ते शोभून दिसतं. फुटबॉलमध्ये मात्र अनुपसारखा पुढचा गडी रंगात यावा, दोघांना चकवून निघावा, आणि नेमकं तेव्हा काकांनी हात वर करावा. "अनुप, तुहा स्टॉप आला. उतर बाप्पा. पोरं उभे आहेत कव्हाचे."

अनुप उतरायचा. त्याच्या जागी असा कुणी चढायचा, ज्याला चेंडू आणि कलिंगड यांतला फरक लाथ मारल्यावर कळे. आम्ही हरायचो. एकदा हरलो, लोक म्हणाले खेळात चालायचंच. परत हरलो, लोक म्हणाले मैदान ओलं होतं. मग मैदान वाळलं तरी हरलो. माझ्या पायाची घंटा न वाजून वाजून गंजायला लागली.

प्रेक्षक गोलखांबामागे बसतात, म्हणून सगळं पहिल्यांदा मलाच ऐकू येतं.

"कंडक्टरच्या हाती स्टेअरिंग कोनं देल्लं बे?" मुन्ना म्हणायचा.

"तूच तं टाळ्या वाजवल्या होत्या," सोजरबाई म्हणायची.

"मंग आता सांग ना त्याइले, की सोडा म्हणून."

"मी काहून सांगू? तुह्या तोंडात काय वेल्डिंग केलं का?"

पण सांगायचं कुणीच नाही. काका वयानं मोठे. ज्यांनी मैदान केलं, खांब आणला, त्यांना उतरा कसं म्हणायचं? काका जवळ आले की सगळे उठून उभे राहायचे. "रामराम काका, मस्त चालू आहे!" काका गेले की पुन्हा कुरकुर. माझ्या एका बाजूला एक गाव आणि दुसऱ्या बाजूला दुसरंच. माणसं मात्र तीच!

आता एक गोष्ट सांगतो, जी तेव्हा काकांच्या घराबाहेर फक्त मला ठाऊक होती. काकांनाही सोडायचं होतं.

रोज सकाळी मैदानावर कुणी नसताना ते यायचे, दुखरा गुडघा माझ्या पायाला टेकवून उभे राहायचे आणि हळूच सराव करायचे. "मंडळी, लय झालं. आता मले मोकळं करा." मग स्वतःच मान हलवायचे. "नाही. लोकं म्हन्तीन, हरून राह्यला म्हणून पळाला." एकदा तर माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "खांबा, एकच इच्छा आहे. एक मॅच मागं बसून पाहाची. शेंगा खात. पोट भरून ओरडाचं. मॅनेजरले ओरडता येत नाही राजा, सारे पोरं सारखेच."

मी लोखंडाचा. काय बोलणार? माझ्या एका बाजूला उतरायला अधीर झालेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याला उतरवायला अधीर झालेलं गाव. मध्ये मी, आणि मला तोंड नाही. बोअरमध्ये असतानासुद्धा इतका कोंडमारा झाला नव्हता.

शेवटी मुन्नाला युक्ती सुचली. काकांचा सत्कार करायचा! शाल द्यायची, नारळ द्यायचा, चार चांगले शब्द बोलायचे. शहाणा माणूस शाल खांद्यावर पडली की समजून घेतो.

माझ्यासमोरच मांडव पडला. त्या सकाळी काका खूश होते. किल्ली करदोड्यावरून सोडून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. सत्कार झाला की मुन्नाच्या हातावर ठेवायची, असं ते मला सांगून गेले. मी म्हटलं, चला, सुटलो सगळे!

पण मित्रांनो, आपल्याकडे माणसाच्या हातात माइक आला की जीभ आपोआप जुन्या चाकोरीत धावते. मुन्ना उभा राहिला. त्याच्या मनात होतं, 'आता आराम करा.' तोंडातून निघालं, "काका म्हणजे आमचे आधारवड! काका आहेत म्हणून क्लब आहे. त्यांचं मार्गदर्शन आम्हाला असंच लाभत राहो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना!"

टाळ्या पडल्या. पुढचा वक्ता मागे कसा राहील? तो म्हणाला, काकांशिवाय क्लबची कल्पनाच करवत नाही. तिसऱ्याने तर काकांना पुढच्या पिढीसाठीही मागून घेतलं. काकांचा हात खिशाशी गेला, तिथे थबकला आणि रिकामाच बाहेर आला. त्यांनी तोच हात जोडला. "तुमची इच्छा तं मंग... राहतो."

टाळ्या वाजवणाऱ्यांचे चेहरे तुम्ही पाहायला हवे होते. लग्नात बुंदी संपल्याचं कळावं तसे.

कार्यक्रम संपल्यावर काकांची बायको भागिरथाबाई माझ्याजवळ येऊन थांबली. काका शाल सावरत आले. ती म्हणाली, "तुमी किल्ली द्याले आले होते का नारळ घ्याले?"

"लोकाइचं प्रेम आहे वं. कसं तोडू?"

"प्रेम! त्या मुन्नाचं तोंड पाह्यलं का? दाढ दुखल्यावानी झालं होतं."

किल्ली पुन्हा करदोड्याला गेली.

त्यानंतर स्पर्धेत जऊळका गावच्या संघाशी पहिलाच सामना आला. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर वर्ष संपलं. गाव लोटलं होतं. आमच्या गोलमध्ये हरीओम उभा होता. हा पोरगा बोलायला सरळ. चेंडू आणि शब्द, दोन्ही समोरच फेकतो. खेळ बरोबरीत होता, थोडाच वेळ उरला होता आणि अनुप अंगात वारं शिरल्यासारखा पळत होता. चेंडू बाहेर गेला. आणि काकांचा हात वर गेला.

"अनुप, तुहा स्टॉप..."

माझ्यामागे जे साचलं होतं ते फुटलं. मुन्ना दोरी धरून घंटा बडवायला लागला, लोक उठून उभे राहिले, आणि त्या गोंगाटातून सोजरबाईचा आवाज वर चढला.

"त्याचा नाही, तुमचा स्टॉप आला, दौलतराव! उतरा आता!"

घंटा थांबली. पंच शिट्टी तोंडात धरून तसाच उभा. मोठ्या माणसाला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. सोजरबाईनेही पदर तोंडावर घेतला.

काका लंगडत लंगडत रेषेच्या कडेने माझ्यापाशी आले. हरीओमला म्हणाले, "काय म्हणते रे ते सोजरबाई?"

हरीओमने हातमोजे काढले. "काका, खरं सांगू? सारं गाव हेच म्हणून राह्यलं. लय दिवसांपासून."

"मंग तो सत्कार?"

"तो तुमाले उतरवाले होता. सांगता नाही आलं कोनाले."

माझा श्वास अडकला. लोखंडाला श्वास नसतो, तरीही. काका खाली बघत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. मुन्नाला वाटलं, म्हातारा रडतोय. तो धावत आला. "काका, माफ करा..."

काका हसत होते! डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. "अबे येड्याहो! मी बी तं उतराचंच म्हणून राह्यलो होतो! तुमी भाषणात दरवाजाच लावून घेतला!"

"मंग तुमी काहून नाही सांगतलं?" मुन्नाचा आवाज चिरका झाला होता.

"तुमी काहून नाही सांगतलं?"

काकांनी करदोड्याची किल्ली सोडली आणि मुन्नाच्या हातात कोंबली. मग घंटेची दोरी धरली आणि ओढली. एकच टोला. टण्.

"थांबा," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक पॅसेंजर उतरून राह्यला."

ते माझ्यामागे गेले. सोजरबाईने आपल्या पोत्यावर सरकून जागा दिली आणि मुकाट्याने शेंगांचा पुडा पुढे केला. टेकण्याआधी काकांनी हात लांबवून दोरी पुन्हा ओढली. टण् टण्.

खेळ सुरू झाला. अनुप मैदानातच राहिला आणि त्याने माझ्या धाकट्या भावाच्या पोटात चेंडू घातला. गाव नाचलं. पण जऊळक्याची पोरं हरायला आली नव्हती. शेवटच्या क्षणी त्यांच्या गड्याने असा फटका मारला की हरीओम एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाचे आभार मानले की त्याने मला जाड केलं. ठण्ण! चेंडू माझ्या पायावर आदळून बाहेर गेला.

"पाणी नाही लागलं, पण कामाले आला रे!" मागून काका ओरडले. माझ्यासाठी ओरडले! पंचाची शिट्टी वाजली. मित्रांनो, गोठ्यामागचे सगळे दिवस मी तेव्हा माफ केले.

आता क्लब मुन्नाकडे आहे. बरा चालवतो. काका रोज माझ्यामागे बसतात आणि सगळ्यांत जास्त आवाज त्यांचाच असतो. परवाच ओरडत होते, "मुन्ना, अनुपले काहून काढलं बे? अक्कल गहाण ठेवली काय?" सोजरबाई म्हणाली, "सबुरीनं घ्या." काका म्हणाले, "सबुरी आता मुन्नानं ठेवावी. मी तिकीट काढून बसलो."

मुन्ना हसतो आणि ऐकतो. त्याला ठाऊक आहे, समोरून येणाऱ्या आवाजापेक्षा मागची कुजबुज महाग पडते.

माझ्या अंगावर बुडाशी गंज धरू लागला आहे. मी काही मागत नाही, पण येता-जाता थोडं खरडून रंगाचा एक हात मारलात तर बरं होईल. गंज लवकर खरवडला तर वरवर निघतो, झाकून ठेवला तर आतून खातो. आणि तुमच्या ओळखीचा कुणी दमलेला माणूस हार गळ्यात घेऊन उभा दिसला, तर टाळ्या वाजवण्याआधी जवळ जाऊन एवढं विचारा, "काका, उतराचं आहे का?" उत्तर काहीही येऊ द्या. पोत्यावर जागा मात्र करून ठेवा.