औषध कोण घेतं?

अमरावतीच्या त्या समाजकार्य कॉलेजात ज्योत्स्ना मॅडमना मुलं पाठीमागे ‘उद्या सकाळी मॅडम’ म्हणत. कोणी संशोधनाचा आराखडा आणला की त्या चष्म्यावरून बघून विचारत, “हे वाचून उद्या सकाळी कोण काय वेगळं करेल?” उत्तर नसलं की आराखडा परत. कपाटात धूळ खाणाऱ्या प्रबंधांचा त्यांना तिटकारा होता आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

परतवाड्याच्या जेबाकडे उत्तर होतं. नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यांत बीपीची म्हातारी माणसं गोळ्या मध्येच सोडतात. का सोडतात ते कळलं, तर तिथल्या नर्सला नेमकं काय करायचं ते कळेल. मॅडम खूश झाल्या. फक्त प्रश्नावलीतला ‘गोया’ हा गोळ्यांसाठीचा बोलीतला शब्द खोडून त्यांनी ‘औषध’ लिहिलं. एखाद्या घरी आधी विचारून पाहू का, असं जेबा म्हणाली होती. पण परीक्षा तोंडावर होती.

शेतकरी आत्महत्यांच्या त्या सालांत कापसाच्या गावी ‘औषध’ म्हणजे फवाऱ्याचं, आणि ‘औषध घेतलं’ म्हणजे माणूस गेला, हे शेंबडं पोरही सांगेल. मॅडमही रोज पेपरात तेच वाचत होत्या.

पहिल्याच दिवशी जेबा परत आली ती थेट मॅडमकडे. सत्यभामा नावाच्या म्हातारीला तिने विचारलं होतं, घरात औषध कोण घेतं. म्हातारी म्हणाली, “पोरानं घेतलं. मांगच्या दिवाईले.” जेबा इतकी गडबडली, की तिने कागदावरचा पुढचा प्रश्न तसाच वाचून टाकला. दिवसातून किती वेळा?

“एकडावच पुरलं, माय.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. पण जेबाचं संपलं नव्हतं. त्याच औषधाची दुसरी भरलेली बाटली अजून त्या घरात फळीवरच होती. पोराचा हात लागलेलं काहीच म्हातारी हलवू देत नव्हती, आणि सून शालू दिवसभर त्या फळीखाली बसून असे.

“मग तू काय केलंस?” मॅडमनी विचारलं.

“तुम्हीच सांगता ना मॅडम, पाहणीत फक्त विचारायचं, हात लावायचा नाही.”

सांगत होत्या खऱ्या. मॅडमना स्वतःची चीड आली. उद्या सकाळच्या गाडीने जाऊ, असं जेबा म्हणेपर्यंत त्यांनी पर्स उचललीही होती.

दिवेलागणीला त्या पोहोचल्या. मॅडमनी म्हातारीचे पाय धरले आणि बाटली मागितली. शालूच उठली. फळीवरच्या डब्यांवर धूळ होती, बाटलीवर नव्हती.

“मी रोज हाती घेतो अन् ठेवून देतो,” शालू म्हणाली. “तुमी नेऊन टाका.”