कोपऱ्यातली सही

मित्रांनो, डोळ्यांच्या दवाखान्यात दाराआड करड्या कापडाखाली काहीतरी उभं दिसलं, तर त्याला कपडे टांगायची खुंटी समजू नका. एकदा एका आजोबांनी माझ्यावर खरोखरच छत्री अडकवली होती. मी डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणारा जुना कॅमेरा आहे. फिल्मवाला. माझ्या वयाचे बहुतेक जण केव्हाच भंगारात गेले.

तुमच्या डोळ्याच्या बाहुलीतून आत डोकावलं की मागे नारिंगी पडदा दिसतो. त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि कोणाही दोघांचं जाळं सारखं नसतं. ते टिपता यावं म्हणून कारखान्यात माझी भिंगं महिनोन्‌महिने घासली होती. मग लाकडी खोक्यातून मी इथे आलो. खोकं उघडलं फोटोवाल्या काकांनी. तेव्हा ते कोणाचेच काका नव्हते. डोक्यावर दाट काळे केस होते आणि उत्साह तर उतू जात होता.

काय दिवस होते ते! डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी केलेली माणसं माझ्यासमोर हनुवटी टेकवून बसायची. "माझ्या कानाकडे बघा," काका म्हणायचे, "आणि डोळा मिटू नका. पापणीचा फोटो घेऊन डॉक्टर काय करणार?" माणूस हसायचा, हसता हसता स्थिर व्हायचा आणि मी लख्खकन चमकायचो. कधी हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचून रक्तवाहिन्या उजळून घ्यायच्या असत. "उद्यापर्यंत लघवी पिवळी होईल, घाबरू नका," असं काका बजावून सांगायचे. तरी कोणीतरी संध्याकाळी धापा टाकत परत यायचंच.

पहिल्याच वर्षी काकांच्या हातून एक चूक झाली. घाईत त्यांनी माझं भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसलं. त्यात रेतीचा कण होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोत वर उजव्या कोपऱ्यात कापलेल्या नखासारखा एक पांढुरका डाग उमटू लागला. दवाखान्याचे मोठे डॉक्टर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "फोटोवर सही करायला लागलास वाटतं?" काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मलाही फार लाज वाटली. पुढे हजारो फोटोंचं कौतुक झालं, पण तो डाग मनातून गेला नाही.

मग नवं यंत्र आलं. ते प्रकाशाच्या किरणाने पडद्याचे थर मोजतं, आडवा काप घेतल्यासारखं चित्र दाखवतं, आणि तेही चुटकीसरशी. ना फिल्म, ना अंधारी खोली. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला. मोठे डॉक्टर गेले, काका निवृत्त झाले, मला दाराआड सारलं. माझ्या कापडाला भोक पडलं तरी कोणी पाहिलं नाही.

एके दिवशी सकाळी रफूवाल्या मावशी तपासणीला आल्या. फाटलेल्या कापडात धागे असे विणायच्या की फाटलं होतं कुठे ते कळू नये, अशी त्यांची ख्याती. नव्या यंत्राला त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर एक काळसर तीळ दिसला. आता दवाखाना सांभाळणाऱ्या डॉक्टरबाई गंभीर झाल्या.

"हा जुना असेल तर काळजी नाही, नुसता पाहत राहू. पण नवा असेल तर कर्करोगाचा संशय धरून किरणांचे उपचार लगेच घ्यावे लागतील, आणि त्यात या डोळ्याची नजर बरीच जाऊ शकते."

"अहो, बावीस वर्षांपूर्वी मोठे डॉक्टर तीळ आहे म्हणाले होते की," मावशी म्हणाल्या. "कोणत्या डोळ्यात, ते मात्र काही केल्या आठवत नाही. सुई तर दोन्ही डोळ्यांनी ओवते मी."

जुन्या फोटोंचं पाकीट सापडलं. यंत्र चालवणाऱ्या मुलीने त्यातल्या दोन्ही डोळ्यांच्या फिल्मच्या स्लाइड संगणकात घेतल्या. संगणकाच्या पडद्यावर तीळ उमटला, पण डाव्या डोळ्यात! उजवा डोळा स्वच्छ. रक्तवाहिन्याही कुठे जुळेनात.

"हे फोटो यांचे नाहीतच. पाकिटात अदलाबदल झाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मावशी, मग आपल्याला तीळ नवाच धरावा लागेल."

मावशींनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढलं, परत घातलं, परत काढलं. मी कापडाखाली तडफडत होतो. फोटो माझे होते आणि मला तोंड नव्हतं.

नेमके त्याच सकाळी काका स्वतःची नजर तपासायला आले होते. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे जवळचं धूसर, पण समोरचा मोठा पडदा त्यांना दिसत होता. ते दारातच थबकले.

"माझी सही चुकीच्या कोपऱ्यात कशी?"

"कसली सही, काका?" मुलीने विचारलं.

"तो डाग गं. माझा मूर्खपणा. चाळीस वर्षं उजव्या कोपऱ्यात होता, आज डावीकडे कसा गेला? पोरी, फिल्मला दोन बाजू असतात. चकचकीत बाजू आपल्याकडे हवी. तू दोन्ही स्लाइड उलट्या घातल्यास. मग आरशातल्यासारखं उजव्या डोळ्याचं चित्र डाव्याचं वाटतं."

मुलगी कानांपर्यंत लाल झाली. जन्मात तिने फिल्म हाताळलीच नव्हती. तिला कोण सांगणार? तिने स्लाइड उलटून पुन्हा घेतल्या. डाग उजव्या कोपऱ्यात गेला, तीळ उजव्या डोळ्यात आला आणि रक्तवाहिन्या फांदीला फांदी जुळल्या. डॉक्टरबाईंनी नव्या यंत्राच्या फोटोशी दोनदा मोजून पाहिलं.

"बावीस वर्षांत केसभरही वाढलेला नाही," त्या म्हणाल्या. "मावशी, दर सहा महिन्यांनी दाखवायला या. बाकी खुशाल सुई चालवा."

मावशींनी पदराने डोळे टिपले. काका माझ्यापाशी आले आणि कापडावरून हात फिरवत उभे राहिले.

मित्रांनो, मी आता फोटो काढत नाही आणि नव्या यंत्राचा रागही करत नाही. त्याने पाहिलं आणि मी आठवण ठेवली, म्हणून एक डोळा वाचला. काका हल्ली दर बुधवारी येतात आणि त्या मुलीला जुन्या स्लाइड लावायला शिकवतात. तुमच्या घरीही कोणाचे जुने फोटो, जुने तपासणीचे कागद असतील. टाकायला काढाल तेव्हा आधी एकदा उलटून पाहा, आणि ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा.

सहा महिन्यांनी मावशी आल्या. तीळ तसाच होता. जाताना त्यांची नजर माझ्या कापडावर पडली. पिशवीतून सुई काढून त्या तिथेच स्टुलावर बसल्या. भोक कुठे होतं, ते आता मलाही सापडत नाही.