छतातली सव्वीस भोके

मित्रांनो, मी एक जुना गुत्ता आहे. हे सांगायला मला संकोच वाटतो. मुलांशी शाळेने बोलावे, प्रार्थनाघराने बोलावे. गुत्त्याने काय बोलावे? आमच्याकडे माझ्यासारख्या घराला सलून म्हणतात, पण त्यावरून तुम्हाला केस कापायचे दुकान आठवेल, म्हणून गुत्ताच म्हणतो. शिवाय सगळे नीट, क्रमाने सांगता येईल याची मला खात्री नाही. पण यंदाच्या वसंतात माझ्या छतात जे झाले त्यावरही मी गप्प बसलो, तर त्या लबाडीत माझाही वाटा धरला जाईल.

मोन्टानाच्या डोंगरात आमचे कॉपर फोर्क गाव आहे. तांब्याची खाण लागली त्या वर्षी मला उभे केले. फळ्या पाइनच्या, त्याही ओल्या. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी इतका आकसलो की फटींतून आत बर्फ भुरभुरे. माझा मालक टोबायस ट्रेगिअर हा समुद्रापलीकडून, कॉर्नवॉलहून आलेला खाणकामगार. छातीत धूळ बसली म्हणून त्याने खाण सोडली आणि गुत्ता घातला. रस्त्याच्या अंगाला उंच फळ्या ठोकून त्यांवर त्याने दोन खिडक्या रंगवल्या. तोंड दुमजली, अंग एकमजली! त्या रस्त्यावरची सगळीच दुकाने तशी होती आणि त्याने कोणी फसत नसे.

दारू होती, नाही कशाला म्हणू? पण प्रार्थनाघर बांधून होईपर्यंत रविवारचे प्रवचनही माझ्याकडेच होई. ट्रेगिअर तेवढ्यापुरती बाटल्यांवर चादर टाकी. निवडणुकीची मते माझ्याकडे मोजली गेली, चार लग्ने लागली. गोळी म्हणाल तर एकदाच सुटली. एका मेंढपाळाने पिस्तूल पुसता पुसता स्वतःचाच बूट फोडला. अंगठा वाचला. तेवढाच माझा गोळीबार.

मग १९१८ च्या शरदात जगभर पसरलेला फ्लूचा ताप आमच्याकडे आला. गुत्ते, शाळा, सगळे बंद करायचा हुकूम निघाला. डॉक्टर तीस मैलांवर. खाणीतले गडी एका खोलीत आठ-आठ जण राहत. एक पडला की सगळे पडत. तेव्हा गावातली धोबीण लेम्पी कांगास गिरमिट घेऊन माझ्या दारात उभी राहिली. फिनलंडहून आलेली ही बाई, नवरा खाणीत दगावलेला, पदरात सहा वर्षांचा मुलगा.

"मालक, टेबलं बाहेर काढा," ती म्हणाली. "चौदा खाटा मावतात. मी बाहेरून मोजलंय."

"आणि ते गिरमिट?"

"दोन खाटांच्या मधे ओली चादर हवी. एकाचा खोकला दुसऱ्याला लागायला नको."

ट्रेगिअरने शिडी धरली. ती वर चढून भोके पाडू लागली. एका भोकातून दोर वर, दुसऱ्यातून खाली, आणि दोन्ही टोकांना चादर. तेरा चादरी, सव्वीस भोके, दोन सरळ रांगा.

"माझ्या छताची चाळण केलीस बाई," ट्रेगिअर खालून कुरकुरला.

"तुमची दारू गाळून घ्या त्यातून. तशीही पाणीच असते."

मित्रांनो, मला दुखले का? दुखलेच असेल. पण इतक्या कामाचा मी त्याआधी कधी नव्हतो. चाळीस दिवस ती चादरी उकळत होती, पिळत होती, पुन्हा टांगत होती. दोर घासून घासून भोकांच्या कडा गुळगुळीत झाल्या. एकोणसाठ माणसे आत आली. सत्तेचाळीस आपल्या पायांनी बाहेर गेली. बारा गेले, त्यातली शेवटची स्वतः लेम्पी, तेराव्या चादरीमागे. तिच्या थडग्यावरची लाकडी फळी कधीच कुजली. तिचे नाव आता कुठेच लिहिलेले नाही.

पुढे दारूबंदी आली. मी घोड्यांच्या चाऱ्याचे दुकान झालो, मग आइस्क्रीमचे, आणि शेवटी नुसता कुलपाचा आणि कबुतरांचा. त्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. उपेक्षा सोसवते. कबुतरे निदान खोटे बोलत नाहीत.

मग ड्वेन हॅस्किन्सने मला विकत घेतले. छप्पर दुरुस्त केले, रंग दिला, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण दर शनिवारी दुपारी तो माझ्यात खोट्या बंदुकांची लढाई लावू लागला, आणि छताकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगू लागला, "हे बघा! सात दरोडेखोर इथे पडले, त्या गोळ्यांच्या खुणा!" यंदा तर तेच पितळी पाटीवर कोरून दाराशी लावायचे ठरले. त्यासाठी गावच्या समितीची बैठक माझ्यातच भरली.

बैठकीला वर्ना कांगास आली. लेम्पीची नात, वय चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षे तिने गावच्या शाळेत गणित शिकवले. पाटीवर आजीचे नाव यावे, एवढीच तिची मागणी.

"ड्वेन, मोजपट्टी घे आणि शिडीवर चढ."

"बाई, आता कशाला?"

"चढ. मोजायला तुला मीच शिकवलंय. दोन भोकांत अंतर किती?"

"साडेचार फूट."

"पुढच्या दोहोंत?"

"साडेचार."

"त्याच्या पुढच्या?"

ड्वेन मोजपट्टी गुंडाळून शिडी उतरू लागला.

"गोळ्या काय कवायत करत गेल्या होत्या रे?"

सगळे हसले. मला वाटले, जिंकली. मग मोटेलवाली जॉर्जीन म्हणाली, "वर्ना, तुझ्या आजीबद्दल आदर आहे गं. पण तापाच्या चादरी बघायला कोण चारशे मैल गाडी हाकत येतं? सात मुडदे म्हटलं की येतात."

"मुडदेच हवेत तर मी बारा देते," वर्ना म्हणाली. "नावानिशी."

हात वर करून मत घेतले; पाचांविरुद्ध एकटी वर्ना. मागे मोरीपाशी एक कागद चिकटवू, असे ड्वेन म्हणाला. वर्नाने पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

सोमवारी ड्वेन विजेचे गिरमिट घेतलेल्या माणसाला घेऊन आला.

"पट्टी लावू नकोस," त्याने बजावले. "वाकडीतिकडी मार. दहा-बारा."

"कशासाठी?"

"पुन्हा कुणी मोजायला नको."

मित्रांनो, माझ्यावर बर्फ कोसळला आहे, मला वाळवी लागली आहे. पण माझ्याच अंगावर खोटी साक्ष कोरायची? बारा जणांच्या जागी सात असे, जे कधी जन्मलेच नाहीत? मला हात असते तर त्या दिवशी मी काय केले असते, सांगवत नाही.

पुढच्या शनिवारी पितळी पाटी लागली. वर्नाने सगळ्यांसारखे तिकीट काढले. लढाई झाली, टाळ्या झाल्या. ती मान वर करून भोके मोजत राहिली आणि मोजता मोजता थांबली. तिच्या पायांशी पेट्रोलपंपावरचा लायल दरोडेखोर होऊन मरून पडला होता.

"बारा नवी आहेत, बाई," तो ओठ न हलवता पुटपुटला. "दर शनिवारी इथं मरतो मी. वरच बघत असतो."

"मग ऊठ आणि सांग त्यांना."

लायलने ड्वेनकडे पाहिले. मग डोळे मिटून घेतले आणि पुन्हा मेला.

मला बोलता येत नाही, आणि ज्याला येते तो मेल्याचे सोंग घेतो. म्हणून तुम्हाला सांगतो. जुन्या घराला रंग द्या, छप्पर द्या, उपकार होतील. पण त्याच्या अंगात झाले नाही ते घुसडू नका. कधी इकडे आलात तर पाटी वाचू नका. वर बघा. ज्या भोकांच्या कडा दोराने झिजल्या आहेत तेवढीच मोजा. सव्वीस भरतील. मग एकदा, मोठ्याने, म्हणा: लेम्पी कांगास.