आहाराने उतरलं तेवढं

घड्याळजीला स्वयंपाकातलं चहापलीकडे काही येत नव्हतं. पण बायकोच्या रक्तात कोलेस्टेरॉल बेसुमार निघालं. तिचे वडील आणि थोरला भाऊ, दोघेही पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेलेले. तिने मात्र डॉक्टरबाईंना सांगून टाकलं, "आधी आहार बघू, मग गोळ्या." मग यानेच कंबर कसली.

सकाळी ओट्स, डब्यात शिजवलेला राजमा, संध्याकाळी सफरचंद, झोपताना पाण्यात इसबगोल. बायको शाळेची बस चालवायची. डबा उघडला की बरोबरीच्या बायका फिदीफिदी हसायच्या. "अहो, मी काय घोडी आहे?" ती घरी येऊन कुरकुरायची, पण ताटात काही टाकायची नाही. आपलं मन राखायला खाते, हे त्याला कळत होतं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा उतरला होता, पण नावापुरता.

"माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

"छे हो! ओट्स-इसबगोलातले तंतू पोटात बुळबुळीत होऊन पित्ताला धरून बाहेर नेतात. नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. त्याने जेवढं उतरायचं तेवढं उतरलंय." डॉक्टरबाईंनी त्याच्या बायकोकडे हात केला. "पण यांच्या यकृताची ते ओढून घ्यायची ताकदच मुळात कमी आहे. हे माहेरहून आलंय. खाणं असंच चालू ठेवा, पण आता गोळी लागणारच. आणि मुलंबाळं असतील तर त्यांचंही रक्त तपासा."

घरी आल्यावर बायकोने पहिली गोळी मुकाट्याने गिळली. "पोरीला तुम्हीच सांगा. माझ्याने नाही व्हायचं."

एकुलती एक मुलगी परगावी होती, सातवा महिना लागलेला. त्याने फोन लावला.

"बाबा, ओट्सनी जादू केली की नाही?"

"उतरलंय थोडं."

"बघा! मी म्हटलंच होतं!" ती खुशीत बोलत सुटली. बाळ पोटात लाथा मारतं, जावई रोज पोटाला कान लावून बसतो. दारात बायको पदराचा बोळा करून उभी होती.

"बाळंतपण झालं की," घड्याळजी कसाबसा म्हणाला, "तुझंही रक्त तपासून घेऊ."

"माझं? कशाला?"

त्याने दारातल्या बायकोकडे पाहिलं.

"बाबा? आईला काय झालंय? खरं सांगा." पलीकडचं हसू केव्हाच थांबलं होतं.