न सांगितलेलं दुखणं

शिंक आली, आणि पार्ट्सचा क्रेट हातात तसाच धरून मिनल जागच्या जागी थिजली. युनिफॉर्मची पँट फिक्या राखाडी रंगाची. मांडीवरून ओल खाली उतरत गेली आणि कारखान्याची असेंब्ली लाइन मात्र चालूच राहिली.

शेजारच्या स्टेशनवर विजयश्री होती. तिने एकदा खाली पाहिलं, अंगातलं जॅकेट काढलं आणि मिनलच्या कमरेला बांधून टाकलं. "सर, हिला चक्कर येतेय, बाहेर नेते," सुपरवायझरला ओरडून सांगत तिने मिनलला बाथरूमकडे ओढत नेलं.

दार लागलं तशी मिनलला रडूच फुटलं. "धाकटीच्या बाळंतपणापासून असंच आहे गं. खोकलं, हसलं, वजन उचललं की होतं. शिफ्टला पाणीसुद्धा पीत नाही मी."

"मला पण होतं," विजयश्री म्हणाली.

मिनल रडायची थांबली. कंपनीच्या स्पर्धेत धावण्यात पहिली येणारी ही बाई!

"चिंचवडला फिजिओथेरपी केली. बरं झालं."

"फिजिओथेरपी? ती तर गुडघ्यांची असते ना?"

"मलाही तेच वाटायचं. रविवारी चल."

फिजिओथेरपिस्ट नेहा मॅडम मिनलपेक्षा लहानच असतील. त्यांनी सगळं सरळ विचारलं. लघवी कधी सुटते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, शौचाला जोर करावा लागतो का. मिनलने जमिनीकडे बघत उत्तरं दिली. मग त्यांनी समजावलं, "ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, सगळा भार तिच्यावर. बाळंतपणात ती सैल पडते. प्लास्टर काढल्यावर हाताला व्यायाम देतो, तसा हिलाही द्यायचा."

मिनलला विचारून, हातमोजे घालून त्यांनी तपासलं. "आता आवळून धरा."

मिनलने सगळा जोर लावला.

"तुम्ही खाली ढकलताय. उलट करा. लघवी आणि वारा दोन्ही रोखताय असं समजा, वर खेचा. श्वास कोंडू नका."

घरी परतताना बसमध्ये मिनल सुन्न बसून होती. वय पस्तिशीला आलं, दोन मुली झाल्या, आणि स्वतःच्याच अंगाचा एक भाग कुठे असतो नि कसा हलतो, हे आज कुणीतरी सांगावं लागलं.

निगडीच्या ओटास्कीम वस्तीतल्या चिमुकल्या घरात एकांत कसला? दुपारी मुली शाळेत गेल्या की मिनल भिंतीला टेकून डोळे मिटून व्यायाम करायची. तिच्या सासूबाई गोजाबाई समोर भाजी निवडत असायच्या. त्यांच्याशी जपूनच बोलावं लागे. नात्यात त्यांना सगळे घमेंडी म्हणत. लग्नकार्यात कुणाच्या पंगतीला बसायच्या नाहीत, विहारात वंदना चालू असताना मध्येच उठून घरी यायच्या. नवऱ्याने, शेखरने तर लग्नानंतर पहिल्याच वर्षी मिनलला सांगून ठेवलं होतं, "आई कुणाला जवळ करत नाही. बाबांनासुद्धा नाही केलं. ते शेवटपर्यंत गॅलरीत झोपले."

"रोज डोळं मिटून काय करतीस?" एक दिवस गोजाबाईंनी विचारलं.

खोटं सांगायचा मिनलला कंटाळा आला होता. तिने सगळं सांगून टाकलं.

गोजाबाईंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. मग अगदी हळू म्हणाल्या, "आन अंग भायेर येत आसंल तर?"

"कुणाचं?"

"माजं."

मिनलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"शेखर झाला. आठवडा बी झाला न्हवता, भोसरीला बांधकामावर पाट्या उचलाय गेले. एक दिस बसले तर हाताला काय तरी लागलं. मला वाटलं, आतडंच आलं भायेर. आता मरतीय मी." गोजाबाई भाजीकडे बघत बोलत होत्या. "मेले न्हाई. मग लुगड्याचा धडपा बांधला. आजून बांधतीय. जास्ती येळ बसलं की टोचतंय, उभी ऱ्हायले की उतरतंय."

"बाबांना नाही सांगितलंत?"

"काय सांगू? ते जवळ आलं की मी भिताडाकडं तोंड करायचे. त्यांनी एकदाच इचारलं, माज्यात काय खोट हाय का म्हणून. मी गप ऱ्हायले. दुसऱ्या दिशी त्यांनी आथरून गॅलरीत टाकलं."

या बाईला मिनलनेही मनातल्या मनात किती नावं ठेवली होती!

संध्याकाळी तिने शेखरला बाजूला घेऊन सांगितलं. तो टूलबॉक्स खाली ठेवायचाही विसरला. "माझ्या जन्माच्या वेळेला?" एवढंच त्याने विचारलं. मग आत जाऊन आईच्या पायाशी बसला. गोजाबाई त्याच्यावर खेकसल्या, "उठ, भाकऱ्या करपतील!"

रविवारी मिनल गोजाबाईंना चिंचवडला घेऊन गेली. नेहा मॅडमनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "आजी, एवढं उतरलेलं गर्भाशय नुसत्या व्यायामाने वर जायचं नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवू. व्यायाम जोडीला करायचेच." लगेच त्यांनी ओळखीच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

डॉक्टरबाईंनी मऊ रबरासारखी एक रिंग आत बसवली. आतल्या अवयवाला तिचा आधार मिळतो, काही दिवसांनी येऊन ती तपासून घ्यायची, म्हणाल्या. "आता चालून बघा. खोकून बघा."

गोजाबाई खोलीभर चालल्या. खोकल्या. खुर्चीवर बसल्या, उठल्या, परत बसल्या. त्यांनी मिनलकडे पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा घाबरल्यासारखा झाला होता.

"न्हाई आलं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "बाई, ही रिंग आता नवी निघालीय का?"

"नाही हो आजी. फार जुना उपाय आहे."

"माजा शेखर झाला तवा व्हती?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "होती."

गोजाबाईंनी मान डोलावली. पदर सारखा केला.

बाहेर हायवेवर कंटेनरांची रांग लागली होती. बसस्टॉपवरच्या लोखंडी बाकावर गोजाबाई टेकल्या. मिनलच्या डोळ्यांसमोर सारखी गॅलरीतली ती अरुंद जागा येत होती.

"भीमराज," गोजाबाई म्हणाल्या.

कुणी ओळखीचं आलं की काय म्हणून मिनलने मागे वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं. ते सासऱ्यांचं नाव होतं. इतक्या वर्षांत गोजाबाईंच्या तोंडून ते तिने कधी ऐकलं नव्हतं. त्या नेहमी 'शेखरचं वडील' म्हणत.

निगडीची बस आली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. गोजाबाई उठल्या नाहीत, म्हणून मिनलही उठली नाही. बस निघून गेली, आणि दोघी त्या बाकावर तशाच बसून राहिल्या.