रविवारचा प्रिंटर

दुरुस्तीला आलेल्या मणीने प्रिंटर पालथा घातला, चिमट्याने आतून शाईने माखलेला कागदाचा कपटा ओढून काढला आणि गुरुमूर्तींच्या पुढ्यात ठेवला.

"सार, ह्याला आता पेन्शन द्या," तो तमिळमध्ये म्हणाला. "नवा घ्या."

"चौदा वर्षांत एक अक्षर पुसट उमटवले नाही त्याने. नवा नको."

संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर गुरुमूर्ती तंजावुरातल्या मराठी घरांसाठी श्राद्धाचे संकल्प छापून देत. मंत्र संस्कृत, अक्षरे तमिळ. देवनागरी वाचणारे आता उरले होते किती? कोणाच्या घरी कोणत्या आठवड्यात कोणाची तिथी, हे त्यांना मुखोद्गत होते.

प्रिंटरच्या कंपनीने त्याची जबाबदारी केव्हाच सोडली होती. त्यामुळे संगणक दर आठवड्याला इंटरनेटवरून नवे काही शिके आणि त्याला विसरे, आणि दर रविवारी नऊ वाजता बंगळूरहून हरिप्रिया, त्यांची लेक, इंटरनेटवरून त्या संगणकात शिरून दोघांची पुन्हा गाठ घालून देई. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागे. तिला गुरुमूर्ती दिसत नसत. तरी ते स्नान आटोपून, उपरणे नीट घेऊन, ताठ बसत. बाणाचे काम चाले तोवर फोनवर बोलणे होई: तिने सांबारात काय घातले, नात जननी मराठीतून काही बोलली का. कधी तास निघून जाई.

आज मात्र मणीचे मत ऐकायला तिने मधल्याच वारी फोन लावला होता, आणि तो स्पीकरवर होता.

"अप्पा, तो मेलाय. किती दिवस ओढायचं त्याला?"

"मेला आहे तर छापतो कसा? रविवारी येतेसच ना, तूच पाहा."

"येते म्हणूनच सांगते!" ती हसली. "मणी, तुम्ही तरी सांगा हो. नवा मागवू?"

मणीने वर पाहिले. वासराच्या पाठीवर ठेवावा तसा गुरुमूर्तींचा तळहात प्रिंटरच्या झाकणावर होता.

"अर्धा तास द्या, अम्मा," तो म्हणाला.

प्रिंटरबरोबर घेतलेला जुना संगणक माळ्यावर पडून होता. मणीने तो उतरवला, धूळ झटकली, प्रिंटरला जोडला. एक पान निघाले, मग दुसरे.

"ह्याला इंटरनेट द्यायचे नाही, सार. नवे काही शिकणार नाही, म्हणून जुने विसरणार नाही. आता कोणाची गरजच नाही."

गुरुमूर्तींनी पान उजेडाकडे धरले. ते बराच वेळ वाचत राहिले.

"बरं झालं, अप्पा!" फोनमधून हरिप्रिया म्हणाली. "तुमचंच खरं झालं. आता रविवारी माझी कटकट नाही तुम्हाला."

"कटकट कसली," ते म्हणाले. पण तोवर तिकडे जननीने तिला हाक मारली होती.

रविवारी अकरा पाने एकापाठोपाठ निघाली. एकही अडकले नाही. गुरुमूर्तींनी त्यांच्या घड्या घातल्या, प्रत्येकीवर घराचे नाव लिहिले आणि घड्याळाकडे पाहिले. नऊ वाजून बारा मिनिटे झाली होती. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच फोन लावला.

"काय झालं, अप्पा? बंद पडला?"

"नाही. उत्तम चालतो आहे."

"मग?"

गुरुमूर्तींनी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला आणि सांगण्याजोगे काही आठवू लागले.