तिसरे ‘बरोबर’

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही. एका रुग्णालयात मी चौदा वर्षे राबतो आहे. वॉर्डातून प्रत्येक खाटेचे पथ्य माझ्याकडे येते. स्वयंपाकघरात मुख्य आचारी, म्हणजे मामा, खाटेचा नंबर देतात. मी दोन्हींची जोडी लावून चिठ्ठी छापतो. चिठ्ठी नाही, तर ताट नाही.

मला रुग्णालयाच्या संगणक विभागातल्या काकूंनी लिहिले. शेजारच्या टेबलावर त्यांचे यजमान, आमचे काका, बसत. लिहिण्याआधी काकू आठ दिवस स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. तिथे सातला ‘शून्य-सात’ म्हणतात. वाफेने शाई फुटते, सतरातला एक पुसला की ताट सातला जाते. म्हणून आकडे नेहमी दोन. वॉर्डातून मात्र नुसता सात येतो. काकूंनी त्या दोघांमध्ये दोन ‘बरोबर’ची चिन्हे घातली. आमच्या भाषेत दोन बरोबर म्हणजे, किंमत सारखी असली की चालवून घे. तीन बरोबर म्हणजे, तंतोतंत जुळले तरच मान. वर त्यांनी टीप लिहिली : ‘ते शून्य-सात म्हणतात. त्यांना शिकवू नका, आपण शिका.’

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काका कामावर परत आले, पण मला उघडेनात.

मग विभागाच्या नव्या प्रमुख, ताई, आल्या. आम्हा सगळ्या फाइली जोडून चालते काम तयार करतात, त्याला बिल्ड म्हणतात. ताईंनी बिल्डच्या पहिल्याच पायरीवर एक सुधारक बसवला. नियमांची यादी दिली, की तो जुने लिखाण आपोआप नवे करणार. खोटे कशाला बोलू, त्याने माझे पुष्कळ भले केले. लांबण गेले, अंग हलके झाले. पण काकूंच्या ओळीवर येऊन त्याने दोनाची तीन केली. यंत्राला टीप कळत नाही, आणि माणसांनी ती वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक ते नऊ खाटांच्या चिठ्ठ्याच निघाल्या नाहीत. मामा पळी घेऊनच दारात आले.

“काय हो ताई, नऊ माणसं उपाशी ठेवायची का?”

“मामा, तुम्ही सरळ सात का नाही लिहीत?”

“वीस वर्षं शून्य-सात लिहितोय. आता तुमच्या खोक्याकडून पाढे शिकू?”

नऊ चिठ्ठ्या त्यांनी हाताने लिहिल्या, चडफडत. दुपारच्या जेवणाआधी मला दुरुस्त करणे भाग होते.

ताई काकांना म्हणाल्या, “सोपं आहे. ही फाइल वगळायच्या यादीत टाकते. काकूंची आहे, राहू दे तशीच. सुधारक हात लावणार नाही.”

त्या यादीत गेलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी उघडत नाही. भाषेची नवी आवृत्ती आली, की त्या एका दिवसात बंद पडतात.

काका म्हणाले, “ताई, तिचं कपाट मी असंच बंद ठेवलं. तीन वर्षं. परवा उघडलं, तर साड्यांना कसर लागलेली. ह्याला वगळायचं नाही.”

“मग काकूंची ओळ बदलायची?”

“मी बदलतो. शून्य-सातचा आधी आकडा करून घेतो. मग राहू देत तुमची तीन.”

“काकूंना चाललं असतं?”

“भांडली असती माझ्याशी. पण माणसं उपाशी ठेवली नसती.”

काकांनी मला उघडले. टीप दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि ओळ बदलली. मग बिल्डमध्ये एक अट घातली : सुधारकाचे काम झाले, की शून्य-सात आणि सात जुळवून बघायचे. जुळले नाहीत, तर बिल्ड तिथेच थांबवायचे.

दुपारी मामांनी चिठ्ठी फाडून घेतली. “शून्य-सात, बिनमिठाचं. हां, आता बोला!”

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवू नका. मला बदला, दर वर्षी बदला. पण आधी वाचा, आणि ज्याचे ताट माझ्यावर अवलंबून आहे, त्याला विचारा. विचारणार नसाल, तर मी जागचा हलणार नाही. अडून बसायला आता मला काकांनी शिकवले आहे.